नाल्याकाठचे उंबर : रोपवाटिकेच्या कामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

ग्रामसभेत ठराव झाला. गावठाणापासून खालच्या बंधाऱ्यापर्यंत नाल्याच्या दोन्ही काठांना देशी झाडं लावायची, रोपं आमच्या बचत गटाच्या रोपवाटिकेनं तयार करायची. करंज, अर्जुन, जांभूळ, कडुनिंब यादीत आधीच होते. उंबर मी आग्रहानं घालायला लावला. "उंबर कायले लावता बाई, तो तं आपोआप उगते," असं एक काकाजी म्हणाले आणि बऱ्याच माना हलल्या.

आपोआप उगत होता, हे खरंच आहे. वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या आर्वी तालुक्यात कुठल्याही जुन्या नाल्याला उंबर असतोच. पण आमच्या नाल्याचं खोलीकरण झालं तेव्हा काठाची ओलसर पायरी मशीननं खरवडून गेली. बी रुजायची ती तिथेच. पांदण रुंद झाली त्यात चांगले मोठे उंबर गेले. आता जे कोंब येतात ते बकऱ्या पहिल्याच पावसाळ्यात खुडतात. आज गावाच्या शिवारात फळ देणारे मोठे उंबर हाताच्या बोटांवर मोजता येतात.

उंबरच का, हेही लिहून ठेवते. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, पळसाचा आणि मोहाचा हंगाम संपलेला असतो, जांभूळ अजून पिकायचं असतं. त्या दिवसांत नाल्यावर पाखरांना, वानरांना आणि वटवाघळांना खायला असतं ते उंबरावरच.

२५ फेब्रुवारी

बियाण्यासाठी मातृवृक्ष पाहिले. त्यांना ठिकाणावरून नावं दिली, म्हणजे नोंदीत गोंधळ होणार नाही: दत्ताच्या पारावरचा, पाटलाच्या विहिरीचा, गायरानातला आणि संगमावरचा. संगम म्हणजे आमचा नाला मोठ्या नाल्याला मिळतो ती जागा.

शास्त्रीय नाव फायकस रेसिमोसा. लिनियसनं १७५३ मध्ये दिलेलं. जुन्या वनस्पतीच्या पुस्तकांत आणि औषधी याद्यांत फायकस ग्लोमेरॅटा असं सापडतं, ते हेच झाड. वड, पिंपळ आणि अंजीर याच प्रजातीतले. पण उंबराची रीत वड-पिंपळांहून वेगळी. त्याला पारंब्या जवळजवळ नसतात, आणि दुसऱ्या झाडाच्या डोक्यावर रुजून त्याला आवळत खाली यायची सवयही नाही. तो जमिनीतूनच उभा राहतो. फळं येतात ती थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर, पानं नसलेल्या आखूड डहाळ्यांना झुबक्यांनी. संगमावरच्या झाडाला तर जमिनीपासून गुडघाभर उंचीवर झुबका होता.

गटातल्या बायकांना एक फरक आज हातात पानं देऊन दाखवला. नाल्यात दुसरंही एक लहान झाड आहे, ज्याला इकडे काया उंबर म्हणतात, पुस्तकात काळा उंबर किंवा भुई उंबर. त्याची पानं समोरासमोर आणि बोटाला खरखरीत लागतात. आपल्या उंबराची पानं एकाआड एक आणि गुळगुळीत. काळ्या उंबरात बी धरणारी झाडं वेगळी आणि कीटक वाढवणारी वेगळी. आपल्याला बी हवं आहे ते मोठ्या उंबराचं, म्हणून फळ गोळा करणाऱ्यानं आधी पान पाहायचं.

आजची सगळ्यात महत्त्वाची नोंद ही: चारही झाडं वेगवेगळ्या अवस्थेत आहेत. पारावरच्याला वाटाण्याहून मोठी, टणक हिरवी फळं. विहिरीच्याचं खोड पूर्ण मोकळं. गायरानातल्याची जुनी पानं गळून तांबूस कोवळी पालवी फुटतेय, फळं अगदी बारीक. संगमावरच्याची पिकत आलेली. एकाच शिवारातली, एकच पाऊस पिऊन वाढलेली झाडं, पण प्रत्येकाचं वेळापत्रक निराळं. एका झाडावरची फळं मात्र साधारण एकाच वेळी पुढे सरकतात.

१० मार्च

आज भिंग, ब्लेड आणि पांढरं कापड घेऊन फळं कापली. शाळेतली मोठी मुलं सोबत होती.

आधी पारावरचं हिरवं फळ. देठाच्या विरुद्ध टोकाला बारीक खवल्यांनी घट्ट बंद केलेलं तोंड दिसतं. उभं कापलं की आत पोकळी, आणि पोकळीच्या भिंतीला शेकडो बारीक फुलं आतल्या बाजूला तोंड करून दाटीनं बसलेली. उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात ते एवढ्याचसाठी. आपण ज्याला फळ म्हणतो तो फुलांचा अख्खा गुच्छ असतो, फक्त आतून बाहेर उलटा न होता बंद राहिलेला. मुलांनी एका फळाच्या तोंडाशीच मेलेलं चिलट शोधलं. त्याचे पंख आत आलेच नव्हते, बाहेरच्या खवल्यांत अडकून तुटले होते.

ते चिलट म्हणजे सेराटोसोलेन प्रजातीतली मादी, जेमतेम दोन मिलिमीटरची, गांधीलमाश्यांच्या गणातली. फळ तयार झालं की त्याच्या वासावर ती येते, खवल्यांमधून अंग घासत आत घुसते आणि पुन्हा बाहेर पडत नाही. छातीजवळच्या खिशांत दुसऱ्या झाडाचा परागकण भरून आणलेला असतो, तो पुढच्या पायांनी काढून फुलांवर टाकते आणि फुलांत अंडी घालते. काही फुलांची बीजकोशाकडे जाणारी दांडी आखूड, काहींची लांब. आखूड दांडीच्या फुलात अंडं पोचतं आणि तिथे कीटकाची पिल्लं वाढतात. लांब दांडीच्या फुलात बहुतेक पोचत नाही, तिथे बी धरतं. एकाच फळात झाडानं स्वतःचं बीही वाढवायचं आणि परागीकरण करणाऱ्याचं कुटुंबही, असा हा हिशोब आहे.

मग संगमावरचं, पिकायच्या काठावरचं फळ. हे कापताना सगळे एकदम पुढे वाकले. पिवळसर, बिनपंखी, पोट आत वळवलेले नर पोकळीत फिरत होते. ते आधी बाहेर येतात, फुलाच्या आत अजून बंद असलेल्या माद्यांशी मीलन करतात आणि मग मिळून फळाच्या भिंतीला भोक पाडतात. तोवर तोंडाजवळची नर फुलं पिकलेली असतात. माद्या त्यांचा पराग खिशांत भरतात आणि नरांनी पाडलेल्या भोकातून उडतात. आमच्या पांढऱ्या कापडावर चकचकीत काळपट माद्या पसरल्या, पंख झटकले आणि दोन-तीन मिनिटांत कापड रिकामं झालं. नर मागे राहतात आणि तिथेच मरतात. त्यानंतरच फळ मऊ पडून लाल होतं. हिरव्या बारीक फळापासून इथपर्यंत साधारण दीड-दोन महिने जातात.

एका मुलीनं विचारलं, फळाच्या बाहेर बसून शेपटीनं टोचतंय ते कोण? तिची नजर चांगली. ती दुसरी जात. आत न जाता लांब नळी फळाच्या सालीतून खुपसून अंडी घालते, पराग मात्र आणत नाही. उंबरावर अशा अनेक जाती असतात, आणि काही तर थेट आधीच्या पिल्लांवर पोसतात. टणक हिरव्या फळात केसाहून बारीक नळी जाते कशी, याचं उत्तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दिलं: अशा एका जातीच्या नळीच्या टोकाला दातेरी धार असते आणि त्या धारेत जस्त असतं. झाडावर मुंगळ्यांची रांग होती, ते याच बाहेर बसणाऱ्या माद्या पकडत होते. म्हणून फळं तोडताना मुंगळे झटकू नका, असं मुलांना सांगितलं.

२६ मार्च

धुळवडीनंतर संगमावर गेलो तर झाड लालबुंद. पहाटे हरियालांचा थवा होता. आपला राज्यपक्षी, पण पानांत बसला की हलल्याशिवाय दिसत नाही. धनेशाची जोडी, तांबट, बुलबुल, साळुंक्या. झाडाखाली उदमांजराची लेंडी, तीत उंबराचं बी ठासून भरलेलं. थोडी वेगळ्या पुडीत घेतली.

१४ एप्रिल

बी काढलं. पद्धत गटाच्या वहीत नीट राहावी म्हणून सविस्तर लिहिते.

फळ झाडावर मऊ पडलेलं किंवा त्याच दिवशी पडलेलं घ्यायचं. अर्धं लाल फळ घेतलं तर बी कच्चं असतं. प्रत्येक मातृवृक्षाची बादली वेगळी, बादलीवर नाव. फळं फोडून थोडा वेळ उन्हात पसरली की राहिलेले कीटक निघून जातात. मग पाण्यात कुस्करायची, जुन्या लुगड्याच्या फडक्यातून गर गाळायचा, आणि उरलेलं पुन्हा स्वच्छ पाण्यात ढवळून पाच-दहा मिनिटं ठेवायचं. पोकळ दाणे, कीटक निघून गेलेल्या फुलांची टरफलं आणि गराचा चोथा वर तरंगतो. भरीव बी तळाला बसतं. वरचं हलकेच ओतून टाकायचं, तळाचं सावलीत कागदावर वाळवायचं. बी खसखशीएवढं. एका ओंजळ फळांतून एवढं निघतं की सगळं पेरायची गरज नसते.

बी साठवून ठेवायचा मोह टाळला. ताजं पेरलेलं बरं, आमच्या पत्र्याच्या खोलीत उन्हाळ्यात काहीच टिकत नाही.

पेरणी पसरट ट्रेमध्ये. चाळलेली पोयटा माती, बारीक वाळू आणि जुनं शेणखत. बी राखेत मिसळून वर भुरभुरायचं आणि वरून माती टाकायची नाही. याला रुजायला उजेड लागतो. मातीखाली गाडलं तर वर येत नाही. पाणी वरून झारीनं दिलं तर बी वाहून एका कोपऱ्यात जमतं, म्हणून ट्रे पाण्याच्या परातीत ठेवून खालून ओल चढू दिली. वर पांढरं प्लास्टिक, ताणून, आणि सगळं ग्रीन नेटच्या सावलीत.

एका ट्रेमध्ये मातीऐवजी विटांचे तुकडे ठेवलेत. वीट पाणी ओढून धरते आणि तिच्या खडबडीत अंगाला बी चिकटून राहतं. जुन्या विहिरींच्या भिंतींना उंबर-पिंपळ फुटलेले सगळ्यांनी पाहिलेत, ते याच गुणामुळे.

२ मे

उगवण चांगली. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक ट्रे हिरवे झाले. कोंब इतका लहान की जवळ नाक नेल्याशिवाय दिसत नाही, दोन गोल दलं आणि मध्ये टाचणीच्या टोकाएवढा शेंडा.

मुंग्या बी उचलून नेत होत्या, परातीतल्या पाण्यामुळे ते थांबलं. विटांच्या ट्रेमध्ये कोंब जास्त तगडे दिसतात. दाट मातीच्या ट्रेमध्ये काही ठिकाणी कोंब देठाशी काळे पडून लवंडले, बुरशी. प्लास्टिक दुपारी एका बाजूनं उघडं ठेवायला सुरुवात केली, पाणी कमी केलं, आणि ते पसरलं नाही.

उदमांजराच्या लेंडीतलं बीही उगवलं आहे. त्याचा ट्रे वेगळा ठेवला. त्याची आई कोण हे कळायला मार्ग नाही, आणि मला त्याचं अप्रूप आहे. नाल्याला नवं रक्त मिळायला तेच बरं.

२८ मे

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस, सुरू आहे. रोहिणी लागल्यापासून दुपारी रोपवाटिकेत उभं राहवत नाही. नेटवर गोणपाट टाकून दिवसातून तीनदा ओलं करतोय.

आज सकाळी गावची गुरं राखणाऱ्या म्हाताऱ्या ढोरकी बाबाजींनी गायरानातल्या उंबराचं मुळीचं पाणी कसं काढतात ते दाखवलं. मी विनंती केली होती. ते काल संध्याकाळीच कामाला लागले होते: बुंध्यापासून बरंच लांब, नाल्याच्या उताराच्या बाजूला हातभर खोदलं, अंगठ्याएवढी मुळी मोकळी केली, विळ्यानं तिरपी छाटली आणि टोक मातीच्या लहान मडक्यात सोडलं. मडक्याच्या तोंडाला कापड गुंडाळलं, वर झाकण, वर पाला आणि माती. पहाटे मडक्यात तळाला पाणी साचलेलं होतं, किंचित धुरकट, चवीला तुरट. जुनी माणसं उन्हाळ्यात अंगातली उष्णता कमी व्हावी म्हणून, गोवर-कांजिण्यांनंतर लेकरांना ताकद यावी म्हणून हे देत. बाबाजींनी मला घोटभर दिलं, उरलेलं त्यांच्या नातीसाठी नेलं.

मग छाटलेल्या टोकाला चिखल लिंपून खड्डा बुजवला. "मुयीचं पानी लहान झाडाचं नाही घ्याचं," ते म्हणाले, "अन् एका बाजूनं एकदा घेतलं का त्या बाजूले पुन्हा हात नाही लावाचा." हा नियम मी जसाच्या तसा इथे लिहिते, कारण हल्ली असं पाणी बाटल्यांत भरून विकलं जातं आणि विकणाऱ्याला झाड कोणतं, किती मोठं, याच्याशी घेणं नसतं. आमच्या गटानं हे पाणी विकायचं नाही, असं आज ठरवलं.

त्यांच्याकडून आणि घरी मामाजींकडून ऐकलेलं बाकीचंही लिहून घेतलं. चीक गालगुंडावर आणि टाचांच्या भेगांवर लावत. नाजूक कातडीला तो झोंबतो, हेही सांगितलं पाहिजे. पारधी लोक पाखरं धरायचा चिकटा करायला वापरत. सालीचा काढा जखम धुवायला आणि तोंड आलं तर गुळण्या करायला. आयुर्वेदातल्या पंचवल्कलांत वड, पिंपळ, पायर यांच्यासोबत उंबराची साल येते ती याच कामासाठी. कोवळी फळं भाजीला. टंचाईच्या वर्षी पिकलेली फळं उन्हात वाळवून पिठात मिसळत.

लाकडाबद्दल मामाजींनी सांगितलं ते मला सगळ्यात नवं होतं. उंबराचं लाकूड हलकं, उघड्यावर ठेवलं तर कीड लागून लवकर जातं. पाण्याखाली मात्र फार टिकतं. म्हणून जुन्या विहिरी बांधताना तळाशी जी लाकडी चौकट बसवत आणि तिच्यावर दगड-विटांचं बांधकाम चढवत, ती उंबराची करत. आमच्या मळ्यातल्या विहिरीत ती अजून आहे, असं ते म्हणतात. मे अखेरीस पाणी इतकं खाली आहे की दोर सोडून पाहता येईल.

उंबराखाली पाणी असतं, हा विश्वास इथे सर्वांचाच. फार जुना आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिरानं जमिनीतलं पाणी शोधण्याच्या प्रकरणात उंबर धरला आहे: झाडाच्या पश्चिमेला तीन हातांवर, अडीच पुरुष खोल शिरा लागते. पुरुष म्हणजे हात वर केलेल्या माणसाची उंची. आज बोअर पाडायला कोणी या हिशोबावर पैसे घालू नयेत. पण निरीक्षण पायावर उभं आहे, कारण उंबर ओल्या जागेचंच झाड आहे, कोरड्या बरड्यावर तो आपणहून मोठा होत नाही.

९ जून

मृग लागला, पाऊस अजून नाही. आज गटाच्या बैठकीत कलमांवरून बरीच चर्चा झाली.

प्रस्ताव असा होता की बियाण्याच्या रोपांना फळ यायला बरीच वर्षं लागतील, त्यापेक्षा पारावरच्या उंबराच्या फांद्या लावाव्यात. उंबराची फांदी जगते, हे खरं. मनगटाएवढ्या जाडीची, पुरुषभर उंच फांदी पावसाच्या तोंडावर हातभर खोल गाडली, वरच्या टोकाला शेण-माती लावली तर मूळ धरते, आणि बकरीच्या तोंडाच्या वर पालवी येते. पक्व लाकडाची असल्यानं फळही लवकर येतं. शिवाय पारावरचा उंबर दत्ताचा, त्याची फांदी आपल्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, असावी असं सगळ्यांनाच वाटतं. मलाही वाटतं.

तरी मी नाल्यासाठी बियाण्याचाच आग्रह धरला, आणि त्याचं कारण मुलांनी मार्चमध्ये कापडावर पाहिलं होतं. माद्या फळातून उडाल्या की एक-दोन दिवसच जगतात. तेवढ्यात त्यांना असं झाड सापडायला हवं ज्याची फळं नेमकी त्या दिवशी आत घ्यायला तयार आहेत. ज्या झाडातून त्या उडाल्या त्या झाडावर तशी फळं बहुधा नसतात, कारण एका झाडाची सगळी फळं सोबत पिकतात. एकाच झाडाच्या फांद्या अख्ख्या नाल्याला लावल्या तर जातकुळी एकच, वेळापत्रक बहुतेक एकच. सगळी एकदम फळतील, एकदम चिलटं सोडतील, आणि त्या चिलटांना जायला जागा नसेल. पुढच्या बहराला आत शिरणारं कोणी आलं नाही तर फळं न पिकता गळतात. बारा महिने या शिवारात कुठला तरी उंबर कीटक सोडतोय आणि कुठला तरी कीटक घेतोय, अशी साखळी हवी. त्यासाठी निरनिराळ्या आयांची, आणि बापही निरनिराळे असलेली, बियाण्याची झाडं लागतात.

काकाजींनी रास्त शंका काढली: हे चिलट एवढंसं, वाऱ्यानं लांबून येत असेल की. येतं. उंबराच्या जवळच्या नात्यातल्या आफ्रिकी उंबरावर नामिबियाच्या वाळवंटात अभ्यास झाला आहे, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. तिथल्या नदीकाठच्या झाडांमध्ये परागकण सरासरी ९० किलोमीटरच्या आसपास, जास्तीत जास्त १६० किलोमीटरपर्यंत गेल्याचं त्यात निघालं. म्हणजे अंतर फारसं आड येत नाही, आड येते ती वेळ. आणि आपल्याकडे ऊन. सिंगापूरच्या अभ्यासात, २०१३ चा तो, तापमान थोडं वाढलं तरी अशा कीटकांचं आयुष्य आखूड होतं असं दिसलं. आपल्या मे महिन्यात त्यांच्या हाती तास किती राहत असतील याचा विचार केला की जवळ, वेगवेगळ्या वेळेला फळणारी झाडं असणं किती गरजेचं आहे ते कळतं.

निर्णय: नाल्याला बियाण्याची रोपं, चारही आयांची मिसळ, शेजारी-शेजारी एकाच आईची नकोत. फांद्या फक्त गुरांच्या वाटेवर, जिथे रोप टिकणारच नाही, आणि त्याही प्रत्येक मातृवृक्षाच्या थोड्या-थोड्या. ज्यांना धुऱ्यावर दत्ताचा उंबर हवा त्यांच्यासाठी पारावरच्या झाडावर पावसाळ्यात गुटी बांधायची. फांदी न तोडता रोप मिळतं, आणि दत्ताच्या झाडाला विळा लावायला कोणाचं मनही होत नाही.

२० जुलै

रोपं चार-सहा पानांची झाली, पिशव्यांत बदलली. देठाला हात न लावता पानाला धरून उचलायची, देठ दबला की संपलं. मुळाचा धागा लांब असतो, काडीनं भोक खोल करून सरळ सोडायचा.

गुटी बांधली: पेन्सिलीहून जाड फांदीवर दोन बोटं रुंद सालीचं कडं काढलं, चीक पुसून वाळू दिला, ओलं शेवाळ, वर प्लास्टिक, दोन्ही टोकं सुतळीनं घट्ट. वाटेकडेच्या खांबफांद्यांपैकी बऱ्याच फुटल्या आहेत, पण पालवी फुटली म्हणजे मूळ धरलं असं नाही, फांदीतल्या साठ्यावरही पालवी येते. ऑक्टोबरच्या उन्हात जी हिरवी राहील ती आपली.

२ सप्टेंबर, पोळा

बैलांना उंबराचा पाला घातला, आवडीनं खातात. दुपारी मावशींनी कोवळ्या उंबरांची भाजी केली: उकळून पहिलं पाणी टाकून दिलं, चिरून कांदा-लसणावर परतली, तिखट आणि शेंगदाण्याचा कूट. तुरटपणा अजिबात राहिला नव्हता.

पिशव्यांतल्या काही रोपांच्या पानांवर हिरव्या फोडांसारख्या गाठी आल्या. गटातल्या दोघी घाबरून फवारणीचं विचारायला आल्या. हे पॉरोप्सिला नावाच्या बारीक रस शोषणाऱ्या किड्याचं घर, मोठ्या उंबरांच्या पानांवर नेहमीच असतं. रोप त्यानं मरत नाही. फार गाठी असलेली पानं खुडून टाकली, फवारा नाही मारला. जिथे आपण कीटकांच्याच भरवशावर झाड लावतोय तिथे रोपवाटिकेत विष नको.

१४ डिसेंबर, दत्त जयंती

पारावर गर्दी. गुटीची रोपं आज दिली, ज्यांनी मागितली त्यांना, धुऱ्याची जागा पाहून.

विदर्भाला औदुंबराचं वेगळं अगत्य आहे, कारण नृसिंह सरस्वतींचा जन्म वाशीम जिल्ह्यातल्या कारंजाचा. पुढे सांगलीकडे कृष्णेकाठी औदुंबरला त्यांनी चातुर्मास केला. बुवांनी आज गुरुचरित्रातली कथा सांगितली: हिरण्यकश्यपूला फाडल्यावर नरसिंहाच्या नखांचा विषानं दाह होऊ लागला, तेव्हा लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली, त्यांत नखं रोवली आणि दाह शमला. बाबाजींचं मुळीचं पाणी, सालीचा काढा आणि ही कथा, तिन्हींत झाड दाह शमवणारंच आहे. कृत्तिका नक्षत्राचा आराध्य वृक्षही हाच, आणि शुक्राच्या समिधा याच्या. म्हणून बरेच जण अंगणात लावायला रोप मागतात. अंगणात, घराच्या पायाला लागून किंवा विहिरीच्या अगदी काठाला लावायचं रोप मी दिलं नाही. मुळं पाण्याचा माग काढत भिंतीत शिरतात आणि मग वीस वर्षांनी तेच झाड तोडावं लागतं.

१६ फेब्रुवारी २०२५

थंडीत वाढ थांबली होती, आता शेंडे हलू लागले. वाटेवरच्या खांबफांद्यांपैकी साधारण निम्म्या टिकल्या. गायरानातल्यांपेक्षा विहिरीच्या झाडाच्या जास्त. कारण झाडाचं की जागेचं, एवढ्यावरून सांगता येत नाही, विहिरीच्या झाडाच्या फांद्या ओलीच्या बाजूला लागल्या होत्या.

२९ जून २०२५

पावसानं ओल धरली आणि लावणी झाली. रोपं कमरेएवढी, काही छातीएवढी.

खड्डे दीड-दोन फुटांचे, मेमध्येच खोदून तापू दिले होते. दोन उंबरांत १० ते १२ मीटर, मध्ये करंज, अर्जुन, जांभूळ. पाण्याच्या अगदी धारेला नाही, पुराची ओढ जिथे कमी पडते त्या वरच्या पायरीवर. प्रत्येक रोपाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि कुंपणाला पत्र्याची चकती: मातृवृक्षाचं नाव, पेरणीचं साल. उदमांजराच्या लेंडीतून आलेली रोपं संगमाजवळ, त्यांच्या चकतीवर नुसतं "रानचं" लिहिलं.

पुढचं काम वाटून घेतलं आहे. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एकदा मडक्यानं पाणी, प्रत्येक घराकडे आपल्या वावरासमोरची रोपं. ढोरकी बाबाजींच्या नातवाकडे कुंपणं. शाळेतल्या मुलांकडे वही: चार जुन्या झाडांवर दर पंधरवड्याला जाऊन फळं कोणत्या अवस्थेत आहेत ते लिहायचं, बारीक, हिरवी टणक, भोक पडलेली, लाल, की खोड मोकळं. वर्षभरात असे कोणते पंधरवडे निघतात ज्यांत चारांपैकी एकाही झाडावर कीटकांना जागा नाही, ते या वहीतून कळेल. तसे निघाले तर शेजारच्या गावांतल्या उंबरांचं बी आणून पुढच्या वर्षीच्या ट्रेमध्ये घालायचं आहे. वाढोण्याच्या वाटेवरच्या मोठ्या उंबराला आता हिरवी फळं आहेत, ऑगस्टच्या सुरुवातीला तिकडे बादली घेऊन जायचं.